नसण्याचा पुरावा

१९७२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात पोर्शे या जर्मन कारखानदारांनी आपल्या ९११ या मोटारीची जी नवी आवृत्ती मांडली, तिचे नाव 'कॅरेरा आर. एस. २.७' असे होते. आणि ती घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकाला मागणी नोंदविताना एक तीन अंकी आकडा मुक्रर करणे बहुधा प्राप्तच असे. ४७२ हा आकडा घातला, की मूळ किमतीवर अडीच हजार मार्क चढत आणि त्या बदल्यात पायाखाली गालिचा, मागे दोन छोटी आसने, दारांना हात टेकावयास गादी, असा त्या काळच्या सुखवस्तू मोटारीचा सारा सरंजाम पदरी पडे. ४७१ घातला, तर सातशे मार्क अधिक द्यावे लागत. मात्र ते देऊन गिऱ्हाईक जी मोटार घरी नेई, तिला मागची आसने नसत, दारावर गादी नसे, दार ओढून घ्यावयास एक वादी तेवढी असे, आणि नाकावरचे धातूचे बोधचिन्ह काढून त्या जागी त्याचेच चित्र चिकटविलेले असे. १,३०८ गिऱ्हाइकांनी पहिल्या आकड्याला कौल दिला, दुसऱ्याला अवघ्या २०० जणांनी.

आज अर्धे शतक उलटून गेल्यावर त्या दोनशेंतली एखादी मोटार विक्रीस निघाली, तर तिला तेराशेंतल्या मोटारीहून पुष्कळच अधिक मोल येते. जे मिळाले त्यापेक्षा जे मिळालेच नाही, त्याची किंमत आज जास्त आहे, ही गोष्ट ऐकावयास गमतीची वाटली, तरी तिच्या पोटात एक बिकट प्रश्न दडलेला आहे. एखाद्या मोटारीत मागची आसने मुळातच नव्हती, की परवा-तेरवा कोणी पाना घेऊन ती उपटून काढली, हे ठरवावयाचे कसे? असलेल्या वस्तूचा पुरावा ती वस्तूच असते. नसलेल्या वस्तूला साक्षीदार आणावयाचा कोठून?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'पुरावा' हा विषय कळविला, तेव्हा न्यायालये, पंचनामे आणि ताम्रपट यांच्यावर लिहिणारे अधिकारी लोक पुष्कळ असतील, असे मनाशी म्हणून मी हा प्रश्न पत्करला आणि त्याच्या मागावर स्टुटगार्ट गाठले.

तराजूवरची मोटार

स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-नगरे असल्याचे कागदोपत्री नमूद आहे. पण त्या नात्याची खरी खूण पाहावयाची असेल, तर ती नगरपालिकेच्या दफ्तरात नव्हे, सकाळच्या लोकल गाडीत पाहावी. कारखान्यांकडे निघालेल्या त्या गर्दीत मराठी कानावर पडणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. माझा यजमान असाच एक नाशिकचा तरुण अभियंता. त्याच्या वडिलांची सारी नोकरी सातपूरच्या 'मायको'त, म्हणजे बॉश या स्टुटगार्टच्याच कंपनीच्या नाशिककडील कारखान्यात झालेली, त्यामुळे पोर्शेच्या संग्रहालयात आम्ही त्या कॅरेरापुढे उभे राहिलो, तेव्हा सगळे लोक तिच्या शेपटाकडे बघत असता हा मात्र इंजिनाच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "काका, आत बॉशचा सहा दट्ट्यांचा पंप आहे. बाबांना दाखवायचा होता एकदा."

त्सुफनहाउझेन या उपनगरात, कारखान्याला खेटून, तीन राक्षसी आधारांवर अधांतरी तोलून धरल्यासारखे हे संग्रहालय २००९ साली उघडले. आत शिरताच डाव्या-उजव्या झगमगाटाकडे पाठ करून काचेच्या भिंतीपलीकडची कार्यशाळा न्याहाळीत बसावे, हा माझा पाहुण्यांना सल्ला. कारण वरच्या मजल्यांवर मोटारी नुसत्या उभ्या असतात, येथे त्या खोललेल्या दिसतात, आणि आपल्या विषयाचे मर्म खोललेल्या मोटारीतच आहे.

मोटारीतून वस्तू काढण्यासाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावयाचे, ही उलटी रीत सुचली कोणाला? तिचे मूळ शर्यतीच्या नियमांत आहे. पोर्शेच्या ९१७ या रणगाड्याने १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत मारल्यावर नियामकांचा नवा नियम असा लागू झाला की त्या मोटारीला युरोपातील त्या स्पर्धेची दारे बंद झाली. तेव्हा कारखान्याचे सूत्रधार डॉ. एर्न्स्ट फुरमान यांनी नजर वळविली ती रस्त्यावरच्या ९११ कडे. तिला शर्यतीस उतरवावयाचे तर नियम असा होता, की तशा ५०० मोटारी बारा महिन्यांत तयार झाल्या पाहिजेत. आणि शर्यतीत तिचे वजन किती धरावयाचे, हे त्या पाचशे मोटारींच्या वजनावरून ठरणार. म्हणून पत्रा नेहमीपेक्षा पातळ घेतला, काचा बेल्जममधील ग्लाव्हरबेल यांच्याकडून पातळ करून आणविल्या, आणि २,६८७ घन सेंटिमीटरच्या इंजिनातून २१० अश्वशक्ती काढली. वेगात मागची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून बुर्स्ट, ब्रोडबेक आणि वीनर या तिघांनी इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटासारखी उभट कड बसविली. रस्त्यावरच्या जर्मन मोटारीला पुढे-मागे अशा वातरोधक पट्ट्या तोवर कोणी बसविल्या नव्हत्या.

विक्री-खात्याला मात्र धास्ती पडली होती, की असली ओसाड मोटार पाचशे लोकांच्या गळ्यात बांधावयाची कशी. त्या धास्तीतून हे दोन आकडे जन्मास आले. मोटारी आधी अगदी उघड्याबोडक्या स्वरूपात तराजूवर न्यावयाच्या, वजनाची नोंद करून घ्यावयाची, आणि मग परत कारखान्यात आणून गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे ४७१ किंवा ४७२ चा साज चढवावयाचा, अशी ती युक्ती होती. नियम पाळला गेला आणि गिऱ्हाइकाचे बूडही शेकले नाही! तराजूवरच्याच स्वरूपात बाहेर पडल्या त्या केवळ १७. आणि थेट शर्यतीसाठी सिद्ध केलेल्या, ४९१ या आकड्याच्या, ५५. एकूण १,५८०. पाचशे खपतील की नाही, अशी चिंता वाहणाऱ्या विक्री-खात्याने पुढे या आकड्याचे काय स्पष्टीकरण दिले असेल ते असो. साज चढलेल्या आणि न चढलेल्या मोटारींत वजनाचा फरक साधारण शंभर किलोंचा पडे.

दहा अंक आणि एक आरसा

आकडे वाचावयाचे कसे, हे संग्रहालयात नव्हे, कार्यशाळेत शिकावे लागते. यजमानाच्या ओळखीने मी ज्या कार्यशाळेत जाऊन बसलो, ती शहराबाहेरच्या एका वस्तीत, बाहेरून धान्याचे कोठार वाटावे अशा इमारतीत होती. तिचे वृद्ध मालक जुन्या ९११ शिवाय दुसऱ्या मोटारीला हात लावीत नाहीत. बोलणे तुटक, आणि तेही स्वाबियन बोलीतले; यजमान दर वाक्याला क्षणभर थांबून मला मराठीत सांगे. रँपवर एक फिकट पिवळी कॅरेरा आर. एस. चढविलेली होती. आतून ती ओसाडच होती. मागे आसने नाहीत, गालिचा नाही, दारांना वाद्या. मला वाटले, दोनशेंतली एक आपल्यापुढे उभी आहे. मालकांनी मान हलविली नाही. त्यांनी पुढचे झाकण उघडले, आणि बॅटरीवर चालणारा दिवा व दातांच्या डॉक्टराकडे असतो तसला लहानसा आरसा काढला.

पुढच्या सामानाच्या कप्प्यात पत्र्यावरच ठोकलेले दहा अंक असतात. १९७३ च्या मोटारीत पहिले तीन ९११, ही जात. चौथा ३, हे वर्ष. पाचवा अंक इंजिनाचा प्रकार सांगतो. तेथे १ असेल तर 'टी', २ असेल तर 'ई', ३ असेल तर 'एस', आणि ६ असेल तरच कॅरेरा आर. एस. सहावा शून्य, म्हणजे छप्पर बंद. उरलेले चार अंक हा त्या मोटारीचा अनुक्रमांक. सगळी गोम पाचव्या अंकात आहे. साध्या 'टी'ला शेपूट लावून, दारांच्या खालच्या अंगाला 'कॅरेरा' अशी अक्षरे रंगवून तिला बाहेरून आर. एस. करता येते, आणि आजवर कितीतरी केल्या गेल्या आहेत. पण एकाचा सहा करावयाचा, तर पत्र्यावर घण घालावा लागतो. त्यासाठीच तो आरसा आणि तो दिवा. अंकांची वळणे कारखान्याच्या ठशांशी जुळतात का, त्यांची खोली सारखी आहे का, भोवतालच्या पत्र्यावर कानशीचे ओरखडे आहेत का, मागच्या बाजूने पत्रा कापून जोडल्याचा सांधा लागतो का, हे ते वृद्ध गृहस्थ एका हाताने आरसा फिरवीत कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अंकांवर चिकटपट्टी दाबून, वरून पेन्सिल फिरवून ठसा घेतला आणि तो वहीत लावला. पुण्याच्या आर. टी. ओ.च्या दारात चॅसीच्या क्रमांकाचा पेन्सिलीने ठसा घेणारे लोक मी जन्मभर पाहिलेले. त्या क्षणी मला जर्मन भाषेची गरज उरली नाही.

क्रमांक खरा होता. पाचवा अंक सहाच. इंजिनाचा क्रमांक ६६३ ने सुरू होत होता, तोही तसाच हवा, कारण पहिला सहा सिलिंडरांचा, दुसरा आर. एस.चा आणि तिसरा वर्षाचा. एवढ्याने मोटार आर. एस. आहे हे सिद्ध झाले. ती दोनशेंतली की तेराशेंतली, याविषयी हे दहा अंक चकार शब्द काढीत नाहीत. ४७१ आणि ४७२ हे आकडे मोटारीच्या देहावर कोठेच ठोकलेले नसतात.

कारकुनाचे अंकगणित

हे 'एम' क्रमांक, कारखान्यात त्यांना असेच म्हणत, मुळात कोणा संग्राहकासाठी जन्मले नव्हते. गिऱ्हाइकाची मागणी विक्रेत्याकडून कारखान्यात यावयाची, तेथे ती उत्पादनाच्या वेळापत्रकात बसवावयाची, आणि साखळीवरून मोटार पुढे सरकत असता त्या त्या टप्प्यावरच्या कामगाराला नेमका कोणता जिन्नस उचलावयाचा ते कळावयाचे, यासाठी लांबलचक वर्णनांपेक्षा तीन अंक सोयीचे. ते वाचणारा कोठीवाला होता आणि त्याचे आयुष्य एका पाळीचे होते. मोटार दाराबाहेर पडली, की अंकाचे काम संपले. अशा क्षणजीवी टिपणावर पन्नास वर्षांनी लक्षावधी युरोंचे व्यवहार तोलले जातील, ही कल्पना ते लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आली नसेल.

म्हणूनच या आकड्यांत शहाण्या माणसाने शोधावी अशी संगती नाही. काही क्रमांक वर्षानुवर्षे टिकून राहिले. २२० म्हणजे एक चाक निसटू लागले तर दुसऱ्याकडे जोर वळविणारे डिफरन्शियल; ४२५ म्हणजे मागच्या काचेचा वायपर; ६५० म्हणजे विजेवर सरकणारे छप्पर. काही मात्र मोकळे झाले की दुसऱ्याच कामाला जुंपले गेले. १९७३ मध्ये ४९१ म्हणजे ज्यांच्यापैकी एकीने डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली त्या अस्सल लढाऊ मोटारी. दहा-अकरा वर्षांनी त्याच ४९१ चा अर्थ झाला टर्बो मोटारीचे रुंद अंग, तिचे ब्रेक आणि आत इंजिन मात्र साधेच. आकडा तोच, पण पहिल्यात कर्तबगारी होती, दुसऱ्यात पोशाख. म्हणून आकडा वाचण्यापूर्वी साल वाचावे, हा या विद्येचा पहिला नियम. नवखा वाचक एका वर्षाची फेरिस्त दुसऱ्या वर्षाच्या मोटारीला लावतो आणि भलत्याच निष्कर्षाला पोचतो.

ऐंशीच्या दशकात कारखान्याने ही फेरिस्त छापून पुढच्या झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवावयास आणि तिची दुसरी प्रत देखभालीच्या पुस्तिकेत लावावयास सुरुवात केल्यावर गोष्टी पुष्कळ सोप्या झाल्या. त्या चिठ्ठीवर 'सी'ने सुरू होणारा आकडा मोटार कोणत्या देशासाठी बांधली ते सांगतो. सी ०० म्हणजे जर्मनी, सी १६ म्हणजे ब्रिटन, अर्थात चाक उजवीकडे. अशा चिठ्ठ्या वाचीत बसणे हा एक छंदच आहे, आणि त्यात माणसाच्या स्वभावाचे काही नमुने भेटतात. मला सर्वांत आवडला तो ४९८. याचा अर्थ, मागच्या बाजूला मोटारीचे नाव-क्रमांक लावू नये. एवढी मोठी मोटार घ्यावयाची आणि ती कोणती हे मागून येणाऱ्याला कळू द्यावयाचे नाही, आणि त्या न कळण्याचीही दफ्तरी नोंद करावयाची! उलट टोकाला ५०५ आणि ५०६, म्हणजे टर्बोचे नाक चपटे करून दिवे त्यात लपविणारी ती भडक तऱ्हा. आणि १९८७ च्या सुमाराचा ६३७, 'क्लब स्पोर्ट', हा तर ४७१ चाच धाकटा भाऊ. पुन्हा गादी काढा, मागची आसने काढा, आवाज अडविणारे अस्तर काढा. पोर्शेच्या गिऱ्हाइकांत वजाबाकीला पैसे मोजणारा एक वर्ग कायमचाच आहे, असे दिसते.

पण १९७३ च्या मोटारीत झाकणाखाली चिठ्ठी नाही. रँपवरच्या त्या पिवळ्या मोटारीसाठी दुसऱ्याच दाराशी जाणे भाग होते.

कार्डांचे दफ्तर

ते दार म्हणजे कारखान्याचे अभिलेखागार. तेथे प्रत्येक जुन्या मोटारीमागे एक कार्ड आहे, आणि या कार्डांना तज्ज्ञ मंडळी 'कार्डेक्स' म्हणतात. त्या काळच्या कार्डावर टंकलेखनाने, काही ठिकाणी हाताने, चॅसीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, गिअरबॉक्सचा क्रमांक, रंग, आतले कापड, मागविलेले 'एम' क्रमांक, ज्या विक्रेत्याकडे मोटार धाडली त्याचे नाव, पहिल्या धन्याचे नाव, आणि खाली हमीच्या मुदतीत झालेल्या दुरुस्त्यांची टाचणे असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्याने कधी रुमाल सोडला असेल, त्याला या कार्डांचा वास ओळखीचा वाटेल. दोन्हीकडे लिहिणाराला इतिहास लिहावयाचा नव्हता. त्याला आजचा हिशेब उद्या अंगाशी येऊ द्यावयाचा नव्हता. आणि तसल्या लिहिणाऱ्याचाच कागद पुढे अधिक विश्वासार्ह ठरतो, कारण खोटे बोलण्याचा त्याला काही लाभ नव्हता.

ही कार्डे कोणालाही चाळावयास मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांवर माणसांची नावे आहेत. मोटारीच्या धन्याने रीतसर अर्ज केला, तर कारखाना आपल्या नोंदींवरून त्या क्रमांकाची मोटार कोणत्या रंगाची, कोणत्या साजाची बाहेर पडली याचा दाखला देतो. पण येथे एक बारीक काटा आहे, आणि नवशिके त्यावर हमखास पाय ठेवतात. दाखला असतो तो क्रमांकाचा. तो क्रमांक ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे तो पत्रा अस्सल आहे, अशी ग्वाही त्यात नसते. मोटार जळून गेली, अपघातात चेपली गेली, आणि तिच्या क्रमांकाचा तुकडा तेवढा दुसऱ्या सांगाड्यात बसला, तरी कार्ड बापडे जुन्याच मोटारीचे गुण गात राहील. कागद आणि पत्रा यांची रुजुवात पाहावयाची ती माणसाने, डोळ्यांनी. म्हणूनच आरसा.

वृद्ध मालकांनी फायलीतून एक प्रत काढली. पहिल्या धन्याच्या नावावर काळी पट्टी होती. साजाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलेले होते: ४७२.

सेंट लुईसचा डकवलेला कागद

दफ्तर जपलेच नाही, तर काय होते, याचे उत्तर अटलांटिकपलीकडे मिळते. जनरल मोटर्सची कॉर्व्हेट ही मोटार तेव्हा मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस येथे बांधली जाई, आणि तिच्या साजालाही अक्षर-अंकांचे असेच संकेत होते. त्यांतला १९६७ चा 'एल ८८' हा प्रकार आपल्या विषयाच्या अगदी मर्मावर बोट ठेवणारा. कॉर्व्हेटचे प्रमुख अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांना हे इंजिन फक्त शर्यतीच्या माणसाच्या हाती जावे असे वाटे. पण कारखान्याचा संकेत असा, की पत्रकात छापले की ते कोणालाही विकणे आले. तेव्हा तजवीज अशी झाली, की जाहीर शक्ती लिहावयाची ४३०, म्हणजे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका, स्वस्त इंजिनापेक्षाही पाचाने कमी. प्रत्यक्षात ते पाचशेच्या पुढे जाई. आणखी असे, की एल ८८ मागविणाराने जे ५६ हे जड ब्रेक, एफ ४१ हे ताठ सस्पेन्शन आणि एम २२ हा गिअरबॉक्स घेतलाच पाहिजे. रेडिओ मिळणार नाही. आणि सी ४८ या संकेताने हीटर वजा होईल. मिशिगनच्या थंडीत हीटरवाचून मोटार! १९६७ मध्ये या अटी मान्य करणारे २० निघाले. त्यांच्यापैकी एक मोटार २०१४ च्या जानेवारीत ॲरिझोनातील स्कॉट्सडेलच्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरांना गेली.

येथेही सिद्ध करावयाचे ते नसणेच. पण कार्ड कोठे आहे? त्या काळच्या कॉर्व्हेटमध्ये मोटारवार साजाची नोंद कारखान्याने मागे ठेवलेली नाही. जे आहे ते एवढेच, की १९६७ पासून मागणीपत्रकाची एक प्रत जोडणी करणारे कामगार पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर डकवून देत, आणि मग टाकी वर चढे व तो कागद मोटारीच्या पोटात कायमचा बंदिस्त होई. आज तो वाचावयाचा तर टाकी उतरवावी लागते. बहुतेक वेळा हाती येतो तो गंजाने खाल्लेला, पेट्रोलच्या वाफेने पिवळा पडलेला तुकडा. एल ८८ ची अक्षरे उरली असली, तर तो तुकडा मोटारीहून महाग. नसली, तर मोटार उरते नुसती जुनी कॉर्व्हेट.

मग नजर वळते इंजिनाकडे. सिलिंडरांच्या ठोकळ्याच्या पुढच्या अंगाला, एका सपाट पट्टीवर, न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा कारखान्याचे 'टी' हे अक्षर, जुळणीची तारीख आणि शेवटी दोन अक्षरांचा प्रकार-संकेत ठोकलेला असतो. १९६७ च्या एल ८८ साठी तो 'आय टी'. हा संकेत पुन्हा ठोकणे कठीण नाही. कठीण आहे ते त्याखालची रेघांची नक्षी उठविणे. कारण ती पट्टी यंत्राने तासताना धातूवर केसासारख्या समांतर रेघा उठत, आणि खोटा शिक्का मारण्यासाठी जुना घासून काढला की त्या रेघाही जात. तेव्हा जाणते लोक अक्षरांआधी त्या रेघा भिंगाखाली पाहतात. साहजिकच आता रेघाही खोट्या काढणारे निर्माण झाले आहेत. पुराव्याची किंमत वाढली, की बनावट करणाराची विद्याही त्याच पायरीने वर चढते, हे आपल्याकडच्या सनदांच्या इतिहासात ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

दोन्ही ठिकाणांची तुलना करता मला त्सुफनहाउझेनचे पारडे जड वाटते, आणि त्याचे कारण पोर्शेची मोटार थोर आहे हे नव्हे. कागद मोटारीपासून दूर, तिसऱ्याच्या ताब्यात राहिला, म्हणून तो प्रमाण. मोटारीच्याच पोटात डकवलेला कागद मोटारीच्याच धन्याच्या हाती असतो.

भोके आणि गोंद

पिवळ्या मोटारीकडे परत येतो. कार्डावर ४७२, आणि समोर ४७१ चा देखावा. कोणी तरी मधल्या काळात, बहुधा शर्यतीच्या हौसेने, तिला सोलून काढले होते. आणि मालकांचे म्हणणे असे, की त्यात लबाडी असेलच असे नाही, त्या काळी या मोटारी आजच्या भावाच्या नव्हत्याच. लबाडी असलीच, तर ती नंतरच्या विक्रीच्या जाहिरातीतली, ज्यात 'हलकी' हा एक शब्द घातलेला होता आणि आकडा गाळलेला होता.

पण कार्ड चुकीचे असेल तर? कारकून शेवटी माणूसच. हा प्रश्न मी विचारला, तेव्हा ते गृहस्थ प्रथमच थोडे हसले आणि त्यांनी मला दाराशी बोलावले. दाराच्या आतल्या पत्र्यावर, वादीच्या मागे, बुजविलेली दोन भोके होती. हात टेकण्याच्या गादीचे स्क्रू तेथे बसत. फरशीच्या कडेला नखाने खरवडले, तर जुन्या गोंदाचा तपकिरी पापुद्रा निघाला. डॅशबोर्डावर पाच तबकड्यांच्या ओळीत उजव्या टोकाला घड्याळाच्या जागी काळी चकती होती, जशी ४७१ मध्ये असावयाची. पण चकतीमागे हात घातला, तेव्हा घड्याळाला वीज पुरविणारी तार, टोकाला फडके गुंडाळून, निमूट लोंबत होती. वस्तू काढता येतात. त्या बसविल्याच्या खुणा काढणे फार जिकिरीचे. अस्सल ४७१ मध्ये त्या भोकांच्या जागी अखंड पत्रा असतो, आणि तो अखंडपणा पाहण्यासाठी लोक समुद्रापलीकडून तज्ज्ञ आणवितात.

धन्याने ठरविले, की मोटार कार्डाप्रमाणे करावयाची. व्यवहाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. खोट्या ४७१ पेक्षा खऱ्या ४७२ ला बाजारात अधिक मान आहे. गालिचा नवा विणून मिळतो, आसनांचे कापड जुन्या नमुन्याबरहुकूम मिळते. अडून राहिले आहे ते घड्याळ. व्हीडीओ कंपनीच्या या तबकड्यांच्या पाठीवर महिना आणि साल छापलेले असते, आणि ही मोटार १९७३ च्या आरंभी बाहेर पडलेली असल्याने घड्याळ १९७२ च्या अखेरचे हवे, असा धन्याचा आग्रह आहे. मालकांच्या खणात अशी तीन घड्याळे निघाली. त्यांनी एकेक उलटे करून दाखविले: एक १९७० चे, उरलेली दोन १९७४ ची. "चालतात तिन्ही," ते यजमानाला म्हणाले, आणि खण लोटून पुन्हा रँपकडे वळले.